पतंगविद्या आणि शेजारधर्म
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा माझ्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने कोणता विषय निवडावा, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. शिक्षण, व्यवसाय, विवाहखर्च या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी येथे बोलून गेली आहेत. मी पडलो जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. मला दोनच गोष्टी नीट येतात. एक, मुलांना बाराखडी शिकविणे. आणि दुसरी, पतंग उडविणे. पहिली सेवानिवृत्तीबरोबर सुटली. दुसरी अजून सुटलेली नाही, हे माझ्या घरच्या मंडळींना चांगले ठाऊक आहे. म्हणून संक्रांतीच्या या दिवसांत पतंगाविषयीच बोलावे असे ठरविले. हा विषय पोरकट आहे असे कोणास वाटल्यास त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेऊन मगच तसा निर्णय द्यावा, एवढी विनंती आहे.

आपल्या ज्ञातीला तरी हा विषय परका वाटू नये. दोरा हे आपले पिढीजात धन आहे. शिवाय ज्यांचे नाव आपण अभिमानाने लावतो, त्या संत नामदेवमहाराजांनाही पतंगाचा दृष्टांत सुचला होता. गुरु ग्रंथसाहिबात महाराजांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात एक मुलगा कागद आणून पतंग तयार करतो, तो आकाशात चढवितो आणि भोवतालच्या सोबत्यांशी गप्पा मारीत असतानाही आपले चित्त दोरीवर ठेवतो, असे वर्णन आहे. ईश्वराकडे मन कसे लावावे हे सांगण्यासाठी महाराजांनी तो दृष्टांत योजिला. परंतु त्यात आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस पडते. तो मुलगा एकटा नाही. त्याच्याभोवती सोबती आहेत. सुमारे सातशे वर्षांपूर्वीही पतंग हा चारचौघांत उडविण्याचा खेळ होता, आणि आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र तेच आहे.

माझे बालपण येवल्यास गेले. येवल्याचा पतंगोत्सव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावातील धाबी आणि गच्च्या माणसांनी भरून जातात, हलकडी वाजत असते, आणि एखाद्याचा पतंग कटला की ‘वक्काट’ असा घोष एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातो. तेथे दोरा गुंडाळण्यासाठी इतर शहरांतल्यासारखी लहान फिरकी वापरीत नाहीत, तर आसारी वापरतात. लांब दांड्यावर बसविलेले बांबूच्या पात्यांचे हे मोठे चक्र दांड्याच्या दोन्ही टोकांना धरून फिरविले की शेकडो हात दोरा पाहता पाहता गुंडाळला जातो. येवले हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव. सूत उकलणे आणि गुंडाळणे हे तेथील हातांना जन्मापासून माहीत. तेव्हा विणकराच्या घरातील हे साधन पतंगाच्या खेळात शोभून दिसावे यात नवल नाही.

चांगली आसारी त्या काळी प्रत्येक घरी असणे शक्य नव्हते. माझ्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. रिळाच्या तळाशी उरलेला दोरा मला मिळे, पण आसारी घेण्याइतकी आमची ऐपत नव्हती. आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहत. आम्ही सर्व त्यांना आबा म्हणत असू. त्यांच्याजवळ चार आसाऱ्या होत्या आणि संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस त्या गल्लीतील मुलांना उसन्या मिळत. कोणी कोणती आसारी नेली हे आबा ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवीत. भाडे नव्हते, परंतु तीन अटी होत्या.

पहिली अट अशी की दोऱ्यात गाठ पडली असेल तर ती दाखविल्याशिवाय आसारी परत करावयाची नाही. गाठीपाशी दोऱ्याची ताकद कमी होते, हे आपण शिंपी मंडळी जाणतोच. जो दुसऱ्याला गाठीचा दोरा न सांगता देतो, तो त्याचा पतंग आधीच कापून देतो, असे आबा म्हणत. म्हणून आम्ही गाठीच्या शेजारी तांबड्या दोऱ्याचा एक लहान वेढा बांधून खूण करीत असू. दुसरी अट अशी की जे शिकलास ते संक्रांतीपूर्वी आणखी एका मुलाला शिकव. आणि तिसरी अट, करीच्या दुसऱ्या दिवशी झाडांवर, कौलांवर आणि विहिरीच्या काठावर अडकलेला दोरा गोळा करून आणून दाखव. त्या दोऱ्याचा गोळा जितका मोठा, तितका त्या मुलाचा पुढील वर्षी आसारीवर हक्क पहिला.

या तीन अटींत पतंगविद्येचे सारे नीतिशास्त्र सामावलेले आहे, असे आता या वयात मला वाटते. तेव्हा अर्थातच वाटत नव्हते. तेव्हा तिसरी अट फार जाचक वाटे.

आबा जे शिकवीत त्यातील काही गोष्टी येथे सांगतो, म्हणजे दुसरी अट थोडीबहुत पाळल्यासारखे होईल.

पतंग हाती आला की प्रथम त्याची उभी कामटी बोटावर तोलून पाहावी. तो एका अंगाला झुकत असेल तर उडतानाही तो त्याच बाजूला झोक खाईल. अशा वेळी हलक्या बाजूच्या कमानीच्या टोकाला कागदाचा किंवा चिंधीचा लहानसा तुकडा गुंडाळावा. नंतर कन्नी बांधावी. हिला कोठे कन्नी म्हणतात, कोठे सुत्तर. नाव काहीही असो, पतंगाची बुद्धी तिच्यात असते. कमान आणि उभी कामटी जेथे एकमेकींस छेदतात तेथे वरचा फास आणि कामटीच्या खालच्या भागात खालचा फास घ्यावा. वरचा दोरा खालच्यापेक्षा किंचित, म्हणजे सुमारे अर्धा इंच, आखूड ठेवावा. वारा जोराचा असला तर वरचा दोरा आणखी थोडा आखूड करावा, म्हणजे पतंग वाऱ्यापुढे थोडा नमतो आणि कामटीवर ताण कमी येतो. वारा मंद असला तर दोन्ही दोरे जवळजवळ सारखे करावेत.

वाऱ्याचा अंदाज झाडावरून घ्यावा. पाने नुसती सळसळत असतील तर वारा ताशी सुमारे ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर १२ ते १९. आपल्या कागदी पतंगाला हा वारा उत्तम. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की वारा २० च्या पुढे गेला असे समजावे, आणि नवशिक्याने पतंग खाली घ्यावा. चढविताना पळत सुटण्याची आवश्यकता नसते. सोबत्याने पतंग पन्नास-साठ हातांवर वाऱ्याच्या दिशेला नेऊन सोडावा, आणि दोरा धरणाऱ्याने ताण देऊन तो उचलावा. पतंग नाकासमोर चढत असेल तेव्हा खेचावे, तोंड फिरवू लागला की ढील द्यावी. पतंग ज्या दिशेला तोंड करून असतो त्या दिशेलाच ओढल्याने जातो. हे एक वाक्य समजले की अर्धी विद्या आली.

आता सोबत्याविषयी. आमच्या घरी आसारी धरण्याचे काम माझ्या थोरल्या बहिणीकडे असे. ताईने कधी पतंगाचा दोरा हाती घेतला नाही, कारण त्या काळी मुलींना तो कोणी देत नसे. परंतु ढील केव्हा द्यावी हे माझ्याआधी तिला कळे, कारण आसारीच्या दांड्यावर येणारी ओढ तिच्या तळहातांना जाणवत असे. पेच मी जिंकला असे गल्ली म्हणे. वस्तुतः निम्मा तिने जिंकलेला असे. साधन आणि सल्ला वाटावा असे आपण म्हणतो तेव्हा तो मुलींनाही वाटावा, हे मी आज ताईची क्षमा मागून सांगतो.

आता आपण विचाराल, एवढ्याशा कागदाच्या खेळात दिल्याघेतल्याने असे काय साधते? त्याचे उत्तर म्हणून एक सत्यकथा सांगतो. ती आपल्या देशातील नाही. पण ज्ञानाला देशाची वेस नसते.

लॉरेन्स हारग्रेव्ह नावाचा एक गृहस्थ १८५० मध्ये इंग्लंडात जन्मला आणि १८६५ मध्ये ऑस्ट्रेलियात गेला. मनुष्याने उडावे हा त्याचा ध्यास होता. त्याने १८९३ मध्ये पेटीच्या आकाराचा पतंग तयार केला. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी स्टॅनवेल पार्क येथील समुद्रकिनाऱ्यावर असे चार पतंग एकामागे एक बांधून त्यांच्या आधाराने तो स्वतः जमिनीपासून १६ फूट उंच उचलला गेला. हा शोध स्वतःच्या नावावर राखून ठेवून द्रव्य मिळविणे त्याला अशक्य नव्हते. पण त्याने आपल्या शोधांवर एकस्वाचा हक्क घेतला नाही. पतंगांची मापे, आकृत्या, यश आणि अपयशसुद्धा त्याने न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडून सर्वांस खुले केले, आणि जगातील समानधर्मी माणसांशी पत्रव्यवहार ठेवला. त्यांपैकी ऑक्टेव्ह शनूट या अमेरिकेतील वृद्ध स्थापत्यविशारदाने १८९४ मध्ये उड्डाणाच्या प्रयोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात हारग्रेव्हच्या कार्याची माहिती दिली.

पुढे ३० मे १८९९ रोजी अमेरिकेतील सायकली दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहिले. मला उड्डाणविद्येचा अभ्यास करावयाचा आहे, उपलब्ध माहिती मिळावी, असा त्याचा आशय होता. त्या तरुणाला कोणी ओळखत नव्हते. त्याच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. तरीही संस्थेने त्याला पत्रके आणि वाचावयाच्या ग्रंथांची यादी पाठविली, आणि त्या यादीत शनूटचा ग्रंथ होता. त्याच उन्हाळ्यात त्या तरुणाने पाच फूट पंखांचा एक पतंग करून दोऱ्यांच्या साहाय्याने त्याचे पंख पिळून वळविण्याचा प्रयोग केला. त्याचे नाव विल्बर राइट. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले. १९०६ मध्ये पॅरिस येथे सांतोस-द्युमाँ याने जे विमान उडविले त्याचे पंख तर हारग्रेव्हच्या पेटी-पतंगाच्याच घाटाचे होते.

परंतु या कथेला दुसरीही बाजू आहे. ज्यांना दुसऱ्यांचे ज्ञान मुक्तपणे मिळाले त्या राइट बंधूंनी १९०६ मध्ये आपल्या शोधाचे एकस्व मिळविले आणि पुढे अनेक वर्षे इतर विमानकर्त्यांशी खटले लढविले. अखेर १९१७ मध्ये महायुद्धाची गरज निर्माण झाली, तेव्हा अमेरिकेत विमानांची एकस्वे एकत्र करून सर्व कारखानदारांना वापरावयास द्यावी लागली. त्यांना नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या श्रमाचे मोल मागणे हा गुन्हा नव्हे. एवढेच म्हणतो की दोरा सोडल्याशिवाय पतंग चढत नाही, हा नियम विद्येलाही लागू आहे.

आपल्याकडेही असे उदार पुरुष आहेत. भानुभाई शाह यांनी अनेक वर्षे खपून जमविलेला पतंगांचा संग्रह अहमदाबादच्या महानगरपालिकेस दिला आणि त्यातून पालडी येथील संस्कार केंद्राच्या इमारतीत पतंगांचे संग्रहालय उभे राहिले.

याउलट आमच्याच गावातील एक गोष्ट सांगतो. शेजारच्या गल्लीत एक कारागीर होते. त्यांच्या दोऱ्याला सर्व गावात तोड नव्हती. खळ किती शिजवावी, दोरा सावलीत वाळवावा की उन्हात, हे ते कोणास सांगत नसत. खळ लावण्याच्या वेळी दार लावून घेत. ते वारले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही गेली. त्यांचे चिरंजीव पुढे दुकानातून तयार दोरा आणू लागले. ती हकीगत मी अनेक वर्षे वर्गात मुलांना सांगत असे आणि विद्या लपवू नये असा उपदेश करीत असे. उपदेश करणे सोपे असते, हे मला फार उशिरा कळले.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण गाठ दाखविल्याशिवाय आसारी परत करू नये, ही आबांची अट मला बांधून आहे.

आबांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी चार आसाऱ्यांपैकी एक मला आठवण म्हणून दिली. मी तिला तेलपाणी करून, कापडात गुंडाळून जपून ठेवली. सन २०१५ च्या संक्रांतीपूर्वी आठ-दहा दिवस माझ्या वर्गातील एक मुलगा संध्याकाळी घरी आला. ‘गुरुजी, मला दोरा भरायला शिकवाल का? आणि तुमची आसारी दोन दिवस द्याल का?’ असे त्याने विचारले. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. परंतु खरे कारण ते नव्हते. आबांची आसारी त्याच्या हातून मोडेल, ही भीती माझ्या मनात होती. मी म्हणालो, ‘बाळ, आता वेळ नाही. पुढच्या वर्षी पाहू.’ तो ‘बरं गुरुजी’ म्हणून गेला.

विचारणाऱ्याला आपण परत पाठविले म्हणजे त्याचे विचारणे संपते असे नाही. तो दुसऱ्या दारी जातो. तो मुलगा एका दुकानी गेला. तेथे त्याला प्लास्टिकच्या फिरकीवर गुंडाळलेला नायलॉनचा मांजा मिळाला. खळ नको, वाळविणे नको, शिकणे नको. करीच्या दिवशी त्याचा पतंग कटला आणि दोरा रस्त्यावर आडवा पडला. सायकलवरून भाजी विकणारे एक गृहस्थ तेथून जात होते. दोरा त्यांच्या गळ्याशी आला. त्यांनी हात वर केला म्हणून गळा वाचला, परंतु हाताची दोन बोटे हाडापर्यंत कापली गेली. त्यांना नऊ टाके पडले आणि महिनाभर त्यांची भाजीची फेरी बंद राहिली.

तो मुलगा रात्री माझ्या घरी आला. फिरकी त्याने माझ्या पायांशी ठेवली आणि रडत म्हणाला, ‘गुरुजी, तो दोरा तुटत नाही हे मला ठाऊक नव्हतं.’ त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. सुताचा दोरा ताणला की तुटतो, पावसापाण्यात कुजून जातो. नायलॉनचा दोरा लवकर तुटत नाही, लांबतो आणि कापीत राहतो. झाडावर अडकला तर तो वर्षानुवर्षे पक्ष्यांचे पाय आणि पंख धरून बसतो. हे सर्व सांगावयास मला त्या संध्याकाळी दहा मिनिटे पुरली असती. अनोळखी तरुणाच्या पत्राला वॉशिंग्टनहून उत्तर गेले. माझ्या दारी आलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या भाजीवाल्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हांस चहा दिला आणि मुलाच्या पाठीवर डावा हात फिरविला. त्या घोटाइतका कडू घोट मी आयुष्यात घेतलेला नाही.

यानंतर ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. बंदी योग्यच आहे. तरीही दर संक्रांतीला वर्तमानपत्रांतून गळे कापल्याच्या बातम्या येतातच. कायद्याने दुकानातील फिरकी जप्त करता येते; मुलाच्या मनातील अज्ञान जप्त करता येत नाही. ते काढण्यासाठी कोणीतरी गच्चीवर त्याच्या शेजारी उभे राहावे लागते. पूर्वी आबा उभे राहत. मी उभा राहिलो नाही. आता कोणी उभे राहावयाचे, हा माझा आपणांस प्रश्न आहे.

म्हणून या मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. मंडळाच्या कार्यालयात भांड्यांचे आणि सतरंज्यांचे कपाट आहे. कोणाच्या घरी कार्य असले की त्या वस्तू उसन्या मिळतात. त्याच कपाटाशेजारी एक पतंगपेटी असावी. तिच्यात आसाऱ्या आणि फिरक्या असाव्यात, साध्या सुती दोऱ्याची रिळे असावीत, बोटांना गुंडाळावयाची चिकटपट्टी असावी, फाटलेले पतंग जोडण्यासाठी पतंगाचा कागद आणि खळ असावी. सुती दोरा दमट हवेत कमजोर होतो, म्हणून दर वर्षी तो ताणून पाहण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या आसाऱ्या धूळ खात असतील त्यांनी त्या पेटीत आणून ठेवाव्यात. संक्रांतीपूर्वीच्या दोन रविवारी आपल्यातील जाणत्यांनी मुलामुलींना कन्नी बांधण्यास आणि वारा ओळखण्यास शिकवावे.

पेटीबरोबर एक वही असावी. तिच्यात ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने लिहावे. नागपूरकराने आपली रीत लिहावी, मुंबईकराने आपली. पहिल्या पानावर मात्र काही गोष्टी ठळक अक्षरांत असाव्यात. कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवू नये. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काठीने किंवा सळईने काढू नये. तो तारेला दान केला असे समजावे. पहाटे आणि सायंकाळी पक्ष्यांची ये-जा असते, तेव्हा आकाश त्यांना मोकळे सोडावे. दुचाकीवरून जाणाऱ्याने त्या दिवसांत गळ्याला जाड रुमाल बांधावा आणि लहान मुलास पुढे उभे करू नये. आणि करीच्या दुसऱ्या दिवशी दोरा गोळा करावा.

काही जण म्हणतील, धारदार मांज्यावाचून पेच कसला? त्यांच्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेत रॉबर्ट इनग्रॅम यांनी १९६४ मध्ये पतंगशौकिनांची एक संघटना स्थापन केली आणि दूरदूरच्या शौकिनांनी आपले अनुभव एकमेकांना कळवावेत म्हणून एक नियतकालिक काढले. तिकडील लढाऊ पतंगांच्या पुष्कळ सामन्यांत दोरा कापीतच नाहीत. पंच ‘वरून’ किंवा ‘खालून’ असे पुकारतो, आणि ज्याचा दोरा प्रतिस्पर्ध्याच्या दोऱ्याला पुकारलेल्या बाजूने प्रथम स्पर्श करील त्याला गुण मिळतो. धार लागत नाही, पतंग वाया जात नाही, आणि कौशल्य मात्र पुरेपूर लागते. माझा तो विद्यार्थी आता मोठा झाला आहे. गेली काही वर्षे आम्ही दोघे आमच्या गल्लीतील मुलांना याच रीतीने खेळवितो. प्रथम मुले हसली. आता मोठी माणसेही हरल्यावर पंचाशी भांडतात. तेव्हा खेळात रंग भरला आहे असे समजावयास हरकत नाही.

बंधुभगिनींनो, १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या दिली होती तीत पतंगाचाही समावेश होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपली कारटी गच्चीवर विमानेच उडवीत होती! विनोद सोडून देऊ. पण ज्याच्या हाती विमान दिले त्याला चालविण्याचे शिक्षण आणि इशारा दोन्ही दिले पाहिजेत, हे कोणीही मान्य करील. नुसते साधन दिले आणि सल्ला दिला नाही, तर आपण धोका दिला. नुसता सल्ला दिला आणि साधन दिले नाही, तर आपण उपदेश केला; आणि उपदेशाने पतंग चढत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या नोकरीत अनुभवले आहे. दोन्ही एकत्र दिले म्हणजेच शेजारधर्म होतो.

बोलणे लांबले, याची क्षमा असावी. येताना मी कापडात गुंडाळलेली एक वस्तू बरोबर आणली आहे. ही आबांची आसारी. हिच्यावर सुती दोरा भरलेला आहे. दोऱ्यात दोन गाठी आहेत आणि त्यांना तांबडी खूण केलेली आहे. पतंगपेटी होईल तेव्हा होईल; तिच्यातील पहिली वस्तू म्हणून ही मी आज अध्यक्षमहाराजांच्या हाती देतो. ती मुलांना द्यावी. ती मोडली तर मोडू द्यावी. बांबू येवल्याच्या बाजारात आजही मिळतो. परंतु नेणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या तीन अटी मात्र अवश्य सांगाव्यात, आणि त्याचे नाव भिंतीवर कोळशाने नाही तरी वहीत शाईने लिहून ठेवावे.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि कोणी पोर दारी येऊन काही विचारू लागले, तर त्याला पुढच्या वर्षीचा वायदा करू नका.

जय नामदेव!